वाटून दिलेलं औषध

माय, तू गेलीस आणि आपलं भांडण अर्धंच राहिलं. असं कोणी करतं का? भांडायला बसायचं, समोरच्याला चार गोष्टी ऐकवायच्या आणि त्याची पाळी आली की उठून जायचं. तुझी ही जुनीच खोड. बाजारातही तू अशीच करायचीस. गिऱ्हाईकानं मरळीचा भाव पाडून मागितला की टोपली डोक्यावर घ्यायची आणि चालू लागायचं. मग ते गिऱ्हाईक मागून पळत यायचं. मी आता कुठवर पळत येऊ?

काल तुझी तेरवी झाली. अंगणातला मांडव अजून सोडलेला नाही. तुझ्याच पडवीतल्या माझ्या खोलीत बसून मी हे लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, ते मला ठाऊक आहे. पण तू असतीस तर मी तुला वाचून दाखवलं असतं आणि तू निम्म्यातच म्हणाली असतीस, "पुरे कर वो पोरी, चूल पेटवाची हाये." ते ऐकायला मिळावं म्हणून मी आज काहीही देईन.

मी नर्स म्हणून या गावात आले तेव्हा आपला चंद्रपूर जिल्हा तुटून गडचिरोलीचा नवा जिल्हा नुकताच झाला होता. निम्मे लोक इकडून तिकडे जात होते, निम्मे तिकडून इकडे येत होते. मला सिंदेवाहीकडचं हे तळ्याकाठचं गाव मिळालं. उपकेंद्र म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली, एक टेबल आणि दार न लागणारं एक कपाट. राहायला जागा नव्हती. ज्या घरी खोली विचारायला जावं, तिथे आधी आडनाव विचारायचे, मग बाबा काय करतात ते. घुग्घुसच्या कोळसा खाणीत आहेत, आम्ही बौद्ध, असं मी सांगितलं की त्यांची रिकामी खोली अचानक भरून जायची. कोणाकडे पाहुणे यायचे असत, कोणाला धान ठेवायचं असे.

मी भर उन्हात ट्रंकेवर बसले होते. तू मासे विकून ढिवर मोहल्ल्याकडे, तुमच्या मासेमारांच्या वस्तीकडे, परत चालली होतीस. थांबलीस, माझ्याकडे बघितलंस आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "पानी हाये का वो तुह्यापाशी?" मी फिरकीच्या तांब्यातलं पाणी ओतून दिलं. तू घटाघटा प्यालीस, पदरानं तोंड पुसलंस. "चाल. माह्या घरी खोली हाये. पावसात गळते, आधीच सांगून ठेवतो."

खोली खरंच गळायची. पण त्या दिवशी तुला तहान लागलेली नव्हती, हे मला पुढे कळलं. तुझ्या टोपलीत तुझीच पाण्याची गडवी होती.

तुझ्याकडून मी सगळ्यात आधी शिकले ते वाट्याचं. उन्हाळ्याच्या तोंडी तळ्याचं पाणी उतरलं की सगळा मोहल्ला मोठं जाळं घेऊन पाण्यात शिरायचा. ओढून आणलेले मासे काठावर ओतले की तुला हाक जायची. तू घरागणिक एक अशी पळसाची पानं मांडायचीस आणि मासे टाकत जायचीस. इकडे एक मोठा, तिकडे दोन मध्यम, वरून मूठभर झिंगे. तुझ्या हाताला तराजू लागत नसे. वाटे झाले की तुझा मुलगा देवाजी तळ्याकडे तोंड आणि वाट्यांकडे पाठ करून उभा राहायचा. तू एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचीस, "हा कोनाचा?" तो न बघता एका घराचं नाव घ्यायचा. म्हणजे माझ्याच पानावर बारके आले असं कोणी म्हणायला नको. जो तापानं पडला म्हणून ओढायला आला नाही, त्याचाही वाटा पडायचा. एकट्या बाईचा पडायचा. बाळंतिणीचा पडायचा आणि तो गुपचूप जरा मोठा असायचा.

पहिल्या वर्षी मी काठावर नुसती गंमत बघत उभी होते आणि देवाजीनं पाठमोऱ्यानंच "नर्सबाई" म्हटलं. मी म्हणाले, मी कुठं जाळं ओढलं? तू कमरेवर हात ठेवलेस.

"गावात राहून राह्यली का नाई?"

"हाव."

"मंग? वाटा गावाचा असते, जाळ्याचा नाई."

ते पान मी खोलीत घेऊन आले, दार लावलं आणि रडले. कोणत्याही गावानं मला असं न विचारता आपलं म्हटलं नव्हतं. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला तेव्हा वाटलं, या घुग्घुसच्या पोरीला मासे साफ करता येत नाहीत म्हणून ती दार लावून बसली. तेही खरं होतं म्हणा. शेवटी तूच येऊन साफ करून दिलेस.

पण याच वाट्यावरून आपलं जुंपलं. या गावात औषधालाही माशांचाच नियम. एखाद्याला दवाखान्यातून कॅप्सुला मिळाल्या, त्याचा ताप उतरला की उरलेल्या शेजारी जायच्या. शेजारणीकडे विरजण पाठवावं तशा. कोणाला खोकला, कोणाला हगवण, कोणाची कंबर धरलेली, सगळ्यांना तीच दोन रंगांची कॅप्सूल. मी घरोघर सांगत फिरायचे. बाई, ही गोळी जंतू मारते, सर्दी-पडसं नाही. पडसं आपलं आपण येतं आणि आपलं आपण जातं. जी ज्याला दिली ती त्यानंच घ्यायची, सांगितली तेवढी घ्यायची, सांगितलेल्या वेळेला घ्यायची. लोक माना डोलवायचे. मी पाठ फिरवली की देवाणघेवाण पुन्हा सुरू.

तुझ्यापाशी तर मी डोकं फोडून घ्यायचे. समोरच्या कुसुमच्या पोरीचं उदाहरण मी तुला किती वेळा दिलं असेल! आठवडी बाजारात सुया टोचत फिरणाऱ्या एका माणसानं तिला पेनिसिलिन टोचलं आणि पोरीचं अंग घटकेत फुललं. ओठ सुजले, श्वास कोंडला. ती वाचली हे तिचं नशीब. मोठ्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की हिला या जातीचं औषध पुन्हा कधी द्यायचं नाही. म्हणून म्हणते माय, एकाला तारणारी गोळी दुसऱ्याला मारू शकते. तू म्हणायचीस, "अन् फेकाची का मंग? अन्न फेकत नाई, औषद कायले फेकाचं?"

"फेकाची पाळी कायले येते? सगळ्या घ्याव्या ना ज्याच्या त्यानं."

"ताप गेल्यावर?"

मग मी माझी मोठी अक्कल पाजळली. म्हटलं, माय, जाळं ओढलं की सगळे मासे येतात का? काही सुटतात. ताप गेला म्हणजे बरेचसे जंतू मेले, पण काही सुटलेले आत असतात, आणि जे सुटतात ते चिवट असतात. तू तंबाखू मळता मळता गंभीरपणे ऐकलंस आणि म्हणालीस, "सुटले त सुटू दे. तेच त पुढच्या साली कामाचे. तेच अंडी घालते, त्यायच्यानंच तळं भरते."

"तेच म्हनून राह्यली ना मी!" मी ओरडले. "तेच अंडी घालते!"

"मंग बरं हाये की."

"मासे वाढले त बरं हाये, माय. जंतू नाई!"

"मंग तू माशाचं नाव काऊन घेतलं?"

त्या दिवशी आपण दोघी इतक्या हसलो की कुसुम काय झालं म्हणून बघायला आली. मी हरले होते. तुझ्याशी बोलताना मी नेहमी हरायचे आणि मला त्याचं काही वाटत नसे. घुग्घुसला आमची आई मी शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून मला हरवणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

यंदा तळं लवकर उतरलं. वाटे घालायला तू काठाशी चिखलात उतरलीस आणि मागूर माशाचा काटा तळपायात घुसला. तुझ्यासाठी त्यात नवल काय? तू हळद दाबलीस, चिंधी बांधलीस आणि बाजाराला गेलीस. मी बघितलं तेव्हा पाय घोट्यापर्यंत सुजून लाल झाला होता, हात लावला तर भाजत होता आणि तुझ्या अंगात ताप होता. तरी दवाखान्यात यायला तयार नव्हतीस. "काट्यासाठी कोनी दवाखान्यात जाते का? लोक हासतीन." देवाजीनं बैलगाडी जुंपली आणि आम्ही तुला जवळजवळ उचलूनच घातलं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी जखम उघडून पू काढला. तुला आधी विचारलं, कोणत्या औषधानं कधी अंगावर पुरळ आलं होतं का, दम लागला होता का? तू म्हणालीस, मी कधी औषधच खाल्लं नाही, तर पुरळ कुठून येईल? डॉक्टर हसले, पण तरीही थोडंसं औषध टोचून त्यांनी तुला बसवून ठेवलं आणि काही होत नाही हे बघूनच पुढची सुई दिली. मग अ‍ॅम्पिसिलीनच्या कॅप्सुला दिल्या. जेवणाआधी, रिकाम्या पोटी, सारख्या अंतरानं, रात्रीचीसुद्धा चुकवायची नाही. ताप उतरला, सूज गेली, तरी दिलेल्या सगळ्या संपवायच्या. अंगावर पित्त उठलं किंवा श्वास लागला तर मात्र थांबवायच्या आणि तसंच निघून यायचं. डॉक्टर हे तुला सांगत होते आणि तू भिंतीवरच्या तक्त्यातल्या गुटगुटीत बाळाकडे बघत होतीस.

गाडीत मी सगळं पुन्हा सांगितलं. तू म्हणालीस, "हाव." मी म्हटलं, हाव काय, बोलून दाखव. तू शब्दन् शब्द बोलून दाखवलंस. माय, तुला सगळं समजलेलं होतं. हेच मला आता राहून राहून छळतं. न समजून केलंस असं म्हणायलासुद्धा तू मला जागा ठेवली नाहीस.

सुरुवातीच्या गोळ्या मी माझ्या हातानं दिल्या. पाय उतरायला लागला, ताप गेला, तू पुन्हा देवाजीवर खेकसायला लागलीस. आणि माझी लसीकरणाची फेरी आली. जंगलातल्या गोंडांच्या वाड्यांवर पायी जायचं, तिथेच मुक्काम करत पुढे सरकायचं. पेटीतली लस बर्फावर असते, ती कोणासाठी थांबत नाही. निघताना मी देवाजीला सांगितलं, तुला सांगितलं, आणि तू दारात उभी राहून म्हणालीस, "जाय वो, मी काय लेकरू हाये का?" मोहाची फुलं वेचायला बाया निघाल्या होत्या. तू मजेत दिसत होतीस. ते तुझं दारातलं उभं राहणं मला इतकं स्पष्ट आठवतं की कधीकधी मी आजही फाटकातून आत येताना मान वर करून बघते.

मी परतले तेव्हा तू बाजेवर होतीस. सूज गुडघ्याच्या वर चढली होती आणि तुझे डोळे तापानं चमकत होते. मी उशाशी, फळीवर, बांबूच्या ताटव्यामागे कॅप्सुला शोधायला लागले. तू म्हणालीस, "नाई सापडाच्या. वाटल्या."

"काय वाटल्या?"

"सगळ्यायच्या घरी खोकला होता वो. लेकरं खोकलून राह्यले होते, म्हातारे खोकलून राह्यले होते. मले बरं वाटून राह्यलं होतं. मी एकटीच कशी खाऊ?"

मला इतका राग आला की मी विचारलं, पानं मांडली होती का पळसाची? तू अगदी साधेपणानं उत्तर दिलंस. "नाई, हातावरच देल्ल्या. पन देवाजीनं पाठ केली होती." म्हणजे न्यायानं वाटल्या होत्या. तुझाही वाटा पडला होता, बाकीच्या घरांएवढाच. तो तू खाल्लास आणि संपला.

मी धावत आधी कुसुमकडे गेले. तिच्याही घरी वाटा गेला होता. पोर अंगणात खेळत होती, ठणठणीत. मी कुसुमला विचारलं, दिली का हिला ती गोळी? तिनं माझा चेहरा बघितला आणि नुसती मान हलवली. मी ते 'हो' समजले आणि मनात म्हटलं, गोळी खाऊनही पुन्हा एकदा नशिबानं वाचली. जास्त विचारायला वेळ नव्हता. रस्त्यावर बांबूचा एक ट्रक चंद्रपूरकडे निघालेला उभा होता, देवाजीनं ड्रायव्हरचे पाय धरले आणि आपण निघालो.

केबिनमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाहेर सागवानाचं रान होतं, पानगळीनं मोकळं झालेलं, आणि ऊन थेट तुझ्या तोंडावर येत होतं. मी पदर धरला. मी तुझ्याशी भांडतच होते. भांडणं थांबवलं असतं तर मला रडू आलं असतं. तू मध्येच डोळे उघडलेस.

"तुह्यापाशी असत्या त तू एकटीनं खाल्ल्या असत्या?"

"हाव. एकटीनं. एक एक करून सगळ्या."

"घरात लेकरं खोकलत असते तरी?"

"तरी."

तू माझ्याकडे बघितलंस. त्यात राग नव्हता. "मंग तू गावाची कशी होशीन, पोरी?"

मी उत्तर जुळवत होते. वाटेतलं मूल गाव आलं, ट्रक थांबला, ड्रायव्हरनं चहा आणला, आणि तोवर तू तापात बडबडायला लागली होतीस. तुझ्या नवऱ्याला हाका मारत होतीस, जाळं ओढा म्हणत होतीस. चंद्रपूरच्या दवाखान्यात त्यांनी सुया दिल्या, सलाईन लावलं, होतं ते सगळं केलं. जंतू रक्तात गेले होते. तू पुन्हा शुद्धीवर आलीच नाहीस. सगळं औषध घेतलं असतं तर वाचली असती का, असं मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते खोटं बोलले नाहीत. म्हणाले, छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, वय होतं, जखम खोल होती. पण सिस्टर, वाचण्याची आशा बरीच होती.

माझं उत्तर आता ऐक. मी गावाचीच आहे, माय. तू केलंस मला. म्हणूनच मी एकटीनं खाल्ल्या असत्या. गावाला पुढल्या वर्षी वाटे घालायला कोणी तरी जिवंत लागतं. वाटा घालणाराच मेला तर बाकीच्यांच्या पानावर काय पडणार? एवढं साधं मला त्या ट्रकमध्ये सुचलं नाही. सुचलं असतं तरी तू त्यातून काही तरी वाकडं काढून मला गप्प केलंच असतंस. काढ ना. मी बसले आहे.

तू गेल्यावर गावात जे सुरू झालं ते तुला आवडलं असतं, आणि मला त्याचंच भय वाटायला लागलं. मोहल्ल्यातला खोकला तोवर गेला होता. जायचाच होता, हवा पालटली की येणारा तो खोकला. पण लोक म्हणायला लागले, पार्वतामायनं आपल्या तोंडातलं औषध दिलं आणि गाव बरं केलं. प्रत्येक घर दुसऱ्या घराचा दाखला द्यायचं. कुसुमला कोणी विचारलं की ती नुसती मान खाली घालायची. पलीकडच्या वाडीवरून एक माणूस कुऱ्हाडीनं चिरलेला पाय घेऊन आला, तो उपकेंद्रात आलाच नाही. तो तुझ्या दारात आला. मायच्या गोळ्यांमधली एखादी उरली आहे का, अर्धी असली तरी चालेल. मी त्याला धरून दवाखान्यात नेलं. पण प्रत्येक वेळी मी दारात थोडीच असणार?

मी देवाजीला म्हटलं, तेरवीला सगळे जमतील तेव्हा मी खरं काय ते सांगणार आहे. तो जाळं विणत होता. त्याचा हात थांबला.

"बाई, हात जोडतो. माय गेली. तिनं चांगलं म्हनून केलं. आता तिच्या नावाले बट्टा नोका लावू."

"अन् पुढचा कोनी मेला त?"

"लोकं म्हनतीन, आपल्याच येड्यापनानं मेली बुढी." त्यानं जाळं बाजूला ठेवलं. "मी पाठ करून उभा होतो, बाई. मीच नावं घेतली."

माय, तुझा मुलगा गुणी आहे. तुला त्याचं कौतुक तोंडावर करता येत नव्हतं, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

तेरवीपर्यंत मी मनात दोन्हीकडून भांडत राहिले. बोलावं तर तुझ्या शेवटच्या देण्याची माती होते. गप्प बसावं तर तुझ्याच नावानं उद्या कुणाचं तरी पोर जाईल. तुझा शब्द मी मोडायचा, तोही तुझ्या अंगणात, तुझ्याच लोकांसमोर. तू असतीस तर मला तुझ्याशी बोलून ठरवता आलं असतं. तू नाहीस हे मला चितेपाशी पटलं नव्हतं, ते तेव्हा पटलं.

काल दुपारी जेवणं झाली, पत्रावळी उचलल्या आणि लोक मांडवात टेकले. कोणी तरी तुझ्या गोळ्यांची गोष्ट काढलीच. मी उठून उभी राहिले.

"माय काऊन गेली ते मी सांगतो. तिच्या पायात जंतू होते. डॉक्टरनं त्यायच्यासाठी औषद देल्लं होतं, अन् तेवढं सगळं तिले लागत होतं. तिनं ते तुमाले वाटलं. तिचं मन मोठं होतं, पन औषद तिचं होतं. ते अर्ध्यात थांबलं, जंतू पुन्हा वाढले, अन् माय गेली. तुमचा खोकला त्या गोळ्यायनं गेला नाई. तो असाच जानार होता."

देवाजीनं तोंड फिरवलं. एक म्हातारा म्हणाला, "मेलेल्या मानसाच्या मांडवात हे बोलनं बरं नाई, बाई." मला थांबता आलं नसतं. मी कुसुमकडे बोट केलं. "अन् हिच्या पोरीले मागं सुईनं काय झालं होतं, इसरले का? हे औषद त्याच जातीचं. मायच्या हातची गोळी खाऊन ते लेकरू गेलं असतं त माय काय म्हनली असती? सांगा ना. तुमी सगळे तिले वळखता. काय म्हनली असती?"

कुसुमनं पोरीला जवळ ओढलं, मग ती उठली आणि सरळ आपल्या घरात गेली. मला वाटलं, रागावून गेली. ती परत आली तेव्हा तिच्या मुठीत फडक्याची पुरचुंडी होती. ती तिनं माझ्यासमोर सोडली. दोन रंगांच्या त्या कॅप्सुला, होत्या तशा.

"म्या नाई देल्ली पोरीले," ती म्हणाली. "सादा खोकला होता. मायनं आपल्या तोंडातली देल्ली, अशी मोठी चीज खोकल्यात कायले घालवाची? मोठी बिमारी आली त काढू म्हनलं. तुमी हिसकून घ्यान म्हनून बोलली नाई."

मग शेजारची उठली. तिच्या देव्हाऱ्यात होत्या, हळदकुंकू लागलेल्या. मग त्या म्हाताऱ्यानंच आपल्या सुनेला खूण केली, ती तांदळाच्या गाडग्यातून घेऊन आली. एक एक घर उठत गेलं. कोणी आढ्याला खोचून ठेवल्या होत्या, कोणी पदराच्या गाठीत बांधल्या होत्या. एकाही घरानं खाल्ली नव्हती. प्रत्येकानं, दुसरे खाऊन बरे झाले असं समजून, आपला वाटा जपून ठेवला होता. सगळ्यात शेवटी देवाजी आत गेला आणि तू त्याच्या नावानं काढलेल्या वाट्याच्या कॅप्सुला त्यानं माझ्या हातावर ठेवल्या. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं.

माय, तू चंद्रपूरच्या खाटेवर होतीस तेव्हा तुझं सगळं औषध इथे होतं. देवापुढे, तांदळात, आढ्याला.

मी ओंजळ धरून उभी होते. कुसुमनं हळूच विचारलं, "बाई, ह्या आता कोनाले देता?"

"कोनालेच नाई," मी म्हणाले. "ह्या मायच्या होत्या."